एक क्रियापद शिल्लक

"सर्दी परत," असं म्हणून नानांनी कार्ड टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

"सर्दीत काय चुकलं?" मी विचारलं.

"अर्थ बरोबर आहे. इंग्रजाला सर्दी मिळते, आपल्याला होते. पण उदाहरण वाच."

मी वाचलं, "गार पाण्यानं अंघोळ केल्यामुळे त्याला सर्दी झाली."

"हा कोण?"

"कोण म्हणजे? कोणीही, नाना. उदाहरणातला माणूस."

"मग त्यानं गार पाण्यानं का केली? घरी बंब नव्हता? की पेटवून द्यायला कोणी नव्हतं? उदाहरणात माणूस दिसला पाहिजे, दिगंबर. हा दिसत नाही. पुन्हा लिही."

मी कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आलो. दीड वर्षात सर्दीचं हे कार्ड सातव्यांदा परत आलं होतं. आधी तो माणूस थंडीत हिंडला होता, मग ओल्या जमिनीवर झोपला होता, मग ताक प्यायला होता. खरा माणूस असता तर एव्हाना त्याला न्यूमोनिया झाला असता. पण नानांना तो काही केल्या दिसत नव्हता.

सन १९७४ चा मार्च महिना होता. मिरजेत एका सतारमेकराच्या दुकानावर, माडीवरच्या दोन खोल्यांत आमचं इंग्रजी-मराठी कोशाचं कार्यालय होतं. खाली दिवसभर तारा जुळवण्याचं काम चाले आणि वर अर्थ जुळवण्याचं. खालच्यांचं काम निदान कधी तरी संपे, सतार गिऱ्हाइकाच्या हातात जाई. आमचा कोश संस्थानी अमदानीत सुरू झाला होता आणि आता सरकारी अनुदानावर चालला होता.

आम्ही एकूण चौघं होतो. संपादक त्र्यंबक सदाशिव उकिडवे, म्हणजे नाना, वय चौसष्ट. टंकलेखिका कुंदाताई भाटवडेकर. त्यांचे यजमान लवकर गेले होते आणि दोन मुली होत्या. शिपाई बाबालाल मुजावर. आणि मी, दिगंबर शिंत्रे, एम.ए. इंग्रजी, दुसरा वर्ग, हुद्दा उपसंपादक. ए पासून झेडपर्यंतचे सगळे शब्द नानांच्या लोखंडी कपाटात बंद होते. त्यांच्यावर आता फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिलाय, असं नाना म्हणत. त्या कपाटाची किल्ली त्यांनी जानव्याला बांधली होती. आख्ख्या इंग्रजी भाषेतलं एकच क्रियापद शिल्लक होतं आणि ते माझ्याकडे होतं. 'गेट'.

तुम्ही हे क्रियापद शाळेत 'मिळणे' म्हणून शिकला असाल. मीही तेवढंच शिकलो होतो. पण इंग्रज माणूस याच एका शब्दानं पत्र मिळवतो, बाजारातून भाजी आणतो, गाडी पकडतो, घरी पोहोचतो, विनोद समजून घेतो, म्हातारा होतो, लग्न करतो, न्हाव्याकडून केस कापून घेतो, सकाळी अंथरुणातून उठतो, शेजाऱ्याशी जमवून घेतो, दुःखातून सावरतो, कसंबसं निभावून नेतो आणि काहीतरी वाईट करून पचवतोही. इतकी कामं आपल्याकडच्या एखाद्या शब्दाला सांगितली असती तर त्यानं राजीनामा दिला असता. पहिले तीन महिने मला या क्रियापदाचा अभिमान वाटला, पुढचे तीन महिने भीती वाटली आणि त्यानंतर नुसता संताप येऊ लागला.

कार्यालयाची पद्धत ठरलेली होती. एका अर्थाला एक कार्ड. कार्डावर अर्थ, खाली स्वतः रचलेलं उदाहरण. नाना ते तांबड्या पेन्सिलीनं तपासत. शब्दाची सगळी कार्डं पास झाली म्हणजे तो शब्द पुरा, आणि ज्याचा एक तरी शब्द पुरा झाला त्याचंच नाव कोशाच्या पहिल्या पानावर. मी सत्तेचाळीस अर्थ लावले होते. रोज संध्याकाळी नाना कार्डं घरी घेऊन जात आणि रोज सकाळी त्यातली दोन-तीन परत देत.

"दादा, दीड वरीस झालं की एका शब्दावर," बाबालाल चहाचा कप ठेवताना म्हणायचा. "आमच्या घरात येवढ्यात पोरगं चालाय लागतंय."

"नानांना विचार," मी म्हणायचो.

"नानांना कसं इचारू? तुमी लिवताय, ते खोडत्यात. आमी आपला चा आनतो."

मार्चच्या शेवटी सांगलीच्या एका कॉलेजची जाहिरात आली. इंग्रजीच्या अधिव्याख्यात्याची एक जागा, मुलाखती जूनमध्ये. दुसऱ्या वर्गातल्या उमेदवारानं छापलेलं किंवा छपाईला मंजूर झालेलं काम दाखवायला हवं होतं. माझ्याजवळ दाखवायला 'गेट' सोडून काही नव्हतं. वडील जाऊन दोन वर्षं होत आली होती, आई लोकांकडे लाडू-चिवडा करून देत होती आणि मला त्या माडीवरून उतरून कुठे तरी पोहोचायचं होतं. मी नानांसमोर जाऊन उभा राहिलो.

"नाना, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"कॉलेजात जागा निघालीय. जूनमध्ये मुलाखत आहे. तोवर आपला कोश मंजूर झाला, माझं नाव लागलं, तर..."

नानांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. "तुला इथं काही त्रास आहे का?"

"त्रास नाही. पण इथं मी कोण आहे, नाना? एका क्रियापदाचा उपसंपादक. लोकांना सांगायलासुद्धा लाज वाटते."

"तुझं एक क्रियापद पुरं झालं की बोलू आपण."

"ते पुरं झालंय. माझ्या मते कधीच झालंय."

"नाही झालं." मग नाना म्हणाले, "मुलाखत जूनमध्ये म्हणतोस?"

"हो. पंधरा तारखेला."

"बरं. बघतो काय करता येईल ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काय बघितलं तर तीन कार्डं परत आली. त्यात सर्दी होतीच.

म्हातारा मत्सर करतोय, अशी माझी खात्री पटली होती. आपल्या हयातीत दुसऱ्या कुणाचं नाव कोशावर लागू द्यायचं नाही, आणि सरकारी अनुदानावर मरेपर्यंत संपादक म्हणून बसायचं, एवढाच त्यांचा बेत असणार. असं एकदा मनात आलं म्हणजे त्याला पुरावे आपोआप सापडत जातात. त्या रविवारी आई बाहेर गेली होती तेव्हा मी अनुदान देणाऱ्या मुंबईच्या खात्याला निनावी अर्ज लिहिला.

अर्ज करणाऱ्याला आपण न्यायाच्या बाजूचे आहोत असं वाटत असतं. मलाही तसंच वाटलं. संपादक महाशय पूर्ण झालेला कोश कपाटात अडवून ठेवत आहेत, एका क्रियापदाचं निमित्त करून दरवर्षी अनुदान वाढवून घेत आहेत, वगैरे. मिरजेचा शिक्का पडू नये म्हणून एस.टी.नं सांगलीला जाऊन पाकीट पेटीत टाकलं. एवढी हुशारी दाखवली, पण हाताला लागलेलं वळण कुठे लपतं? मी अर्जात (१) घालून पहिला मुद्दा लिहिला होता, त्याखाली (अ) आणि (आ), आणि प्रत्येक मुद्द्यापुढे 'उदा.' लिहून एकेक उदाहरण दिलं होतं. निनावी अर्ज असा लिहिणारा माणूस महाराष्ट्रात कोशाच्या कचेरीबाहेर सापडला नसता. हे माझ्या लक्षात आलं पाकीट पेटीत पडल्यावर.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून उपसंचालक देवधेकर आले. सफारी घातलेला, वेळ वाया न घालवणारा माणूस. बाबालालनं आणलेलं कोकम सरबत त्यांनी एका घोटात संपवलं, रुमालानं मिशा पुसल्या आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"उकिडवे, तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय."

त्यांनी तो कागद उलगडून टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसले. नाना समोरच बसले होते. त्यांनी चष्म्यातून एकदा त्या कागदाकडे बघितलं, फार तर चार सेकंद. मग ते उठले, माझ्या टेबलाशी आले आणि माझी पसरलेली सगळी कार्डं गोळा करू लागले.

"काय करताय, नाना?" मी हळूच विचारलं.

"साहेबांना कागद पसरायला जागा लागेल," असं म्हणून त्यांनी कार्डं नेऊन आपल्या खणात टाकली आणि खण लावून घेतला.

मला वाटलं, वरिष्ठांपुढे माझं कच्चं काम दिसायला नको म्हणून लपवतायत. उरलीसुरली मायाही मग माझ्या मनातून गेली.

"कपाट उघडा," देवधेकर म्हणाले.

किल्ली जानव्यालाच असल्यानं कपाट उघडताना नानांना कुलपाशी नमस्कार केल्यासारखं वाकावं लागे. तसे ते वाकले. आत तांबड्या फितीनं बांधलेले गठ्ठे होते, ए पासून ओळीनं लावलेले. उपसंचालकांनी सरळ शेवटचा गठ्ठा ओढला आणि त्यातलं शेवटचं कार्ड मोठ्यानं वाचलं. खाली नानांच्या अक्षरात 'इति' लिहिलं होतं आणि तारीख होती बारा ऑक्टोबर एकोणीसशे सत्तर.

"साडेतीन वर्षं," देवधेकर म्हणाले. "साडेतीन वर्षं कोश संपून पडलाय. आणि दरवर्षी अहवालात लिहिताय, एक क्रियापद शिल्लक. कुठलं हो ते?"

"गेट," मी म्हणालो. मला विचारलं नव्हतं, तरी म्हणालो. आता न्याय होणार होता.

उपसंचालकांनी 'जी' अक्षराचा गठ्ठा सोडला. कार्डं चाळता चाळता त्यांचा हात थांबला. त्यांनी एक जाड जुडगा बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला. "मग हे काय आहे?"

ते 'गेट' होतं. एकूण बासष्ट अर्थ, नानांच्या मोत्यासारख्या अक्षरात, कोपऱ्यात तारीख एकोणीसशे पासष्टची. त्या साली मी दहावीत होतो. मी जुडगा हातात घेतला. मला सत्तेचाळीस सापडले होते, त्यांच्यापुढे आणखी पंधरा. मी सर्दी शोधली. 'लेकीची वरात निघून गेल्यावरही रात्रभर अंगणात बसून राहिल्यानं आबांना सर्दी झाली.' तो आबा मला दिसला. त्याची लेकसुद्धा दिसली.

"तर मग हा मुलगा दीड वर्षं काय करत होता?" देवधेकरांनी विचारलं.

"गेट," मी पुन्हा म्हणालो. या खेपेला आवाज बारीक निघाला.

"झालेलं काम पुन्हा का करवून घेतलंत, उकिडवे?"

"माझं काम मला कच्चं वाटत होतं, साहेब," नाना म्हणाले. "म्हटलं, नव्या शिकलेल्या माणसाकडून एकदा नीट करून घ्यावं."

"बासष्ट अर्थ लावून कच्चं?"

नाना सुटलेली तांबडी फीत गुंडाळू लागले.

"तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा," उपसंचालक आम्हाला म्हणाले. "मला यांच्याशी बोलायचंय."

आम्ही तिघं जिन्यावर आलो. दार लागल्याबरोबर मी तोंड सोडलं. "दीड वर्ष! आधी करून ठेवलेलं काम! मी इथं खर्डेघाशी करतोय आणि हा माणूस रोज माझी कार्डं खोडून मजा बघतोय. मला मूर्ख बनवलं यांनी."

"हळू बोल, दिगू," कुंदाताई म्हणाल्या.

"का हळू बोलू? तुम्हाला ठाऊक होतं हे?"

"होतं."

मी बाबालालकडे बघितलं. तो पायरीकडे बघत म्हणाला, "व्हय दादा. समद्यास्नी ठावं हुतं."

"फक्त मला नाही."

"तुला सांगायचं नाही असं तुझ्या आईनं बजावलं होतं," कुंदाताई म्हणाल्या.

"आईचा काय संबंध?"

कुंदाताई पायरीवर बसल्या. "तुझे वडील गेले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात त्या आल्या होत्या. वर यायला लाजत होत्या, इथंच बसल्या. तुझ्या वडिलांनी छापखान्यात आपल्या कोशाचे नमुन्याचे फर्मे जुळवले होते ना, तेवढ्याच ओळखीवर आल्या. नाना खाली उतरून आले. म्हणाले, वहिनी, खरं सांगायचं तर कोश संपलाय, माणूस घ्यायला काम नाही. पण दिगंबर इंग्रजी शिकलाय तर त्याच्यासाठी एक क्रियापद काढतो."

खाली कुणी तरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून बघत होतं.

"गेटच का?" मी विचारलं. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

"नाना म्हणाले, पोरगा घायकुतीला आलेला आहे, लहान क्रियापद दिलं तर पंधरा दिवसांत संपवून मोकळा होईल. त्याला पुरेल असं द्यायला पाहिजे." कुंदाताई किंचित हसल्या. "तू येण्याआधी दोन वर्षं 'सेट' शिल्लक होतं. ते माझ्यासाठी, माझ्या थोरलीचं लग्न पार पडेपर्यंत. मग तू आलास आणि नानांनी अहवालात 'सेट' पुरं करून 'गेट' शिल्लक टाकलं. ती एक ओळ आहे तोवर कचेरी आहे, दिगू. तुझी कार्डं पास झाली असती त्या दिवशी आपण सगळे घरी. तुला आपण धाकटे आहोत असं वाटायचं. पण चार घरं तुझ्या क्रियापदावर चालली होती."

"तीन घरं, ताई," बाबालाल म्हणाला. "नानांस्नी तासगावाकडं मळा हाय. त्यांस्नी काय गरज?"

"हो, तीन," कुंदाताई म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "कुणा मेल्यानं अर्ज केला देव जाणे. काय पदरात पडलं असेल त्याच्या!"

मी कठड्याला धरून उभा राहिलो. त्या अर्जातला एकेक शब्द खरा होता, हे मला आजही कबूल आहे. सरकारचा पैसा होता, संपलेला कोश अडवून ठेवला होता, खोटा अहवाल जात होता. कुणीही प्रामाणिक माणसानं तो अर्ज करायला हवा होता. फक्त तो मी करायला नको होता. आणि मी तर प्रामाणिकपणापायी केलाही नव्हता, पंधरा जूनपायी केला होता. आत जाऊन सांगून टाकावं असं मला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तेवढ्यात दार उघडलं आणि आम्हाला आत बोलावलं.

देवधेकर आता शांत झाले होते. "कार्यालय महिनाअखेर बंद होईल," ते म्हणाले. "गठ्ठे मी मुंबईला घेऊन जातोय. उकिडव्यांच्या वयाकडे बघून आणखी काही करत नाही. आता एकच राहिलं." त्यांनी तो कागद उचलला. "हा अर्ज कचेरीतल्याच माणसाचा आहे. अर्ज करणाऱ्यांवर माझा राग नाही. पण सही न करता लिहिणाऱ्या माणसाची मी दफ्तरी नोंद करतो, म्हणजे पुढे तो कुठल्या सरकारी किंवा अनुदानाच्या नोकरीसाठी आला तर लोकांना कळावं की असा असा माणूस आहे. उकिडवे, हे अक्षर ओळखता?"

त्यांनी कागद नानांच्या हातात दिला. नानांनी माझ्या हातची किती कार्डं वाचली असतील? प्रत्येक कार्ड सहा-सात वेळा धरलं तरी तीनशेवर जातात. ते माझं अक्षर अंधारात चाचपून ओळखू शकले असते. त्यांनी चष्मा नीट बसवला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, माझी कार्डं वाचत तसाच, सावकाश, ओळीखाली पेन्सिल धरून. माझी कार्डं त्यांच्या खणात का गेली, ते मला तेव्हा कळलं.

"नाही," नाना म्हणाले. "अक्षर ओळखीचं नाही."

"नक्की?"

"नक्की. पण लिहिलंय चांगलं, साहेब. मुद्दे क्रमानं लावलेत. कुठे पाल्हाळ नाही. आणि यात खोटं काही नाही."

दीड वर्षात त्यांनी माझ्या लिखाणाला चांगलं म्हटलं ते त्या एकदाच.

उपसंचालकांनी कागद माझ्यापुढे केला. "तुम्ही बघा. तुम्ही ओळखता?"

मी माझं स्वतःचं अक्षर निरखून बघितलं. सगळं बघितलं, वर (१) होतं, खाली (अ) होता, 'उदा.' होतं. नाना खिडकीकडे बघत होते.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

"त्याला कुठलं ओळखू येणार?" नाना म्हणाले. "पोरानं दीड वर्षात एका क्रियापदाशिवाय काही बघितलेलं नाही. साहेब, माझी एक विनंती आहे. कोश छापाल तेव्हा माझं नाव नाही घातलंत तरी चालेल, तसंही तुम्ही घालणार नाही. पण 'गेट'च्या खाली याचं नाव द्या. माझी कार्डं यानं तपासून पुरी केलीत. आणि तसं एक पत्र आजच देऊन जा. त्याची पंधरा जूनला मुलाखत आहे."

देवधेकरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी तिथल्या तिथे मजकूर सांगितला आणि कुंदाताईंनी तो टंकित केला. त्या यंत्रावर त्यांनी केलेलं ते शेवटचं काम. पत्र माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "चला, तुझं तरी भलं झालं."

साहेब विश्रामधामावर गेल्यावर मी नानांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडलो. कुंदाताईंना आणि बाबालालला वाटलं, पत्र मिळाल्याच्या आनंदानं. नानांनी मला उठवलं, खण उघडला, माझी कार्डं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"ही घरी घेऊन जा," ते म्हणाले. "साहेब अजून दोन दिवस गावात आहेत."

मला त्यांना सांगायचं होतं, नाना, मीच. पण त्यांनी तो विषयच येऊ दिला नाही. बाबालालला गठ्ठे नीट बांधायला सांगत ते आतल्या खोलीत गेले.

मे महिन्यात कुंदाताई धाकटीला घेऊन बेळगावला भावाकडे गेल्या. बाबालाल खालच्या दुकानात सतारीचे भोपळे घासायला राहिला. मी त्या बाजूनं जाणं बंद केलं. नाना तासगावला गेले आणि पुन्हा मिरजेला आले नाहीत. आईनं मला किती तरी वेळा सांगितलं, अरे, एकदा जाऊन त्यांना पेढे देऊन ये. मी आज जातो, उद्या जातो, असं म्हणत राहिलो. पाच वर्षांनी नाना गेल्याची बातमी पेपरात वाचली. त्यात त्यांना निवृत्त गृहस्थ आणि द्राक्षबागायतदार म्हटलं होतं.

पंधरा जूनला सांगलीत मुलाखत झाली. समितीत तिघे होते. मधल्या वयस्कर गृहस्थांनी उपसंचालकांचं पत्र दोनदा वाचलं आणि कौतुकानं माझ्याकडे बघितलं.

"बासष्ट अर्थ!" ते म्हणाले. "एका क्रियापदाचे! तुम्ही एकट्यानं केलंत हे?"

मी म्हणालो, "हो."